पंचवीस तारखेचा ताप

सन १९३१ च्या डिसेंबरात सोलापूरच्या ख्रिस्ती तरुण संघाला असा शोध लागला, की नाताळातला आध्यात्मिक अर्थ हरवला आहे. शोध लावणारा शांतवन नुकताच पुण्याहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. होऊन आला होता. मिशनच्या शाळेत शास्त्र शिकवायची एक जागा जूनपासून रिकामी होणार होती आणि तिच्यासाठी दोन अर्ज होते. एक शांतवनचा, दुसरा कुर्डुवाडीच्या कोणा गृहस्थाचा. मिशनच्या साहेबांनी शांतवनला बोलावून सांगितले होते, की तुमचे शास्त्र आम्ही सर्टिफिकिटात पाहिले, आत्म्याचे काय ते चोवीस तारखेच्या सभेत ऐकू. त्या सभेत त्याने 'तरुणांसाठी नाताळचा आध्यात्मिक अर्थ' या विषयावर निबंध वाचायचा होता. निबंध चांगला झाला तर नोकरी पदरात, असा सरळ मामला होता.

दुसरा कोणी असता तर चार वचने गोळा करून मोकळा झाला असता. शांतवनला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. त्याने चिठ्ठ्या वाटून बावन्न तरुणांना एकच प्रश्न विचारला, की नाताळ म्हणजे तुमच्यासाठी काय? एकवीस जणांनी नवे कपडे लिहिले, सतरांनी जेवण, अकरांनी बँड आणि दोघांनी सुट्टी. उरलेल्या एकाने मात्र ख्रिस्तजन्माचे प्रयोजन अध्याय-वचनांसह दोन्ही बाजूंनी पानभर लिहिले होते. तो शिवशरण निघाला. लिंगायताच्या घरचा, मिशनच्या शाळेत बायबलचे बक्षीस दर वर्षी नेणारा. चिठ्ठी त्याच्या हाती चुकून पडली होती.

आता उपाय करणे आले. कपडे शिंप्याकडे पडले होते आणि बँडला विसार दिला होता. राहता राहिले जेवण. दर नाताळला मिशनच्या देवळामागच्या पटांगणात साऱ्या मंडळीची एक पंगत बसे. शांतवनने संघात ठराव मांडला, की भरल्या पोटी मनन होत नाही, सबब यंदा पंगत बंद ठेवून ज्याने त्याने आपल्या घरी साधे जेवावे आणि चिंतन करावे.

बँडवाल्यांच्या टोप्या कोणत्या रंगाच्या असाव्यात यावर याच संघाने मागे तीन बैठका घातल्या होत्या. हा ठराव सात मिनिटांत, एकमताने पास झाला. तरुण संघाचे अध्यक्ष हिंदुराव (वय एकेचाळीस) आजवर कोणत्याच ठरावाला हो म्हणाले नव्हते. त्यांनी उठून शांतवनचा हात धरला, आणि अशा आध्यात्मिक माणसाची शाळेला गरज आहे, हे आपण साहेबांच्या कानावर घालू, असेही सांगितले.

शांतवन खुशीत घरी आला. घर त्याच्या आत्याचे, सारजाबाईचे. बारा वर्षे पंगतीच्या पत्रावळी तीच मांडत होती.

"पंगत मोडलास म्हणं," चुलीपुढून न उठता ती म्हणाली.

"मोडली नाही, आत्या. आध्यात्मिक कारणासाठी यंदापुरती बंद ठेवली."

"बरं केलास की. हिंदुरावाचा ताप तरी चुकला."

कसला ताप, ते त्याने विचारले. तेव्हा आत्याने सांगितले, की हिंदुरावांना दर नाताळात पंचवीस तारखेला दुपारी बाराला ताप भरतो आणि संध्याकाळी बँड सुरू झाला की उतरतो. दुसऱ्या एकाची दाढ नेमकी तेव्हाच दुखते. तिसऱ्याकडे पाहुणे येतात. कोणाची पत्रावळ रिकामी राहते, हे मांडणाऱ्याला कळल्याशिवाय कसे राहील?

"पण का?"

"केराबाईच्या शेजारी बसाया नगं त्यास्नी, दुसरं काय. बाप्तिस्म्याचं पानी डोस्क्यावर पडतंय बाबा, पोटापत्तूर जात न्हाय."

केराबाई मिशनच्या दवाखान्यात झाडलोट करी. मंडळीत लोक नाना जातींतून आलेले होते. वर्षभर जो तो आपल्या घरात जेवे. पत्रावळीला पत्रावळ लागे ती या एका दुपारी. शांतवनची चार नाताळे पुण्याच्या वसतिगृहात गेली होती आणि त्याआधी त्याचे लक्ष पानातल्या हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, असे, त्यामुळे हे त्याने कधी टिपलेच नव्हते.

तो दोन दिवस आत्यापुढे वही घेऊन बसला. एकोणीस माणसे, बारा वर्षे. इतका नियमित ताप कोणत्याही पुस्तकात नव्हता. ठरावाला सर्वांत आधी हात वर करणारे बहुतेक सगळे त्या एकोणिसांत होते. यादी संपली असे वाटले, तेव्हा आत्याने आणखी एक नाव सांगितले. साहेब. पंगतीला आशीर्वाद देतात आणि जेवायला बंगल्यावर जातात, बाराही वर्षे. शांतवनची पेन्सिल थांबली. पण गैरसोयीचे माप गाळणे म्हणजे लबाडी, असे त्याला प्रयोगशाळेत शिकवले होते. त्याने ते नाव लिहिले. निबंध मात्र त्याने बदलला नाही, कारण नोकरी हवीच होती.

चोवीस तारखेला, दिवस मावळायच्या आत, देऊळ गच्च भरले. साहेब पुढच्या खुर्चीत, हिंदुराव त्यांच्या बाजूला. पहिले पान झकास गेले. हिंदुराव मान डोलवत होते. दुसऱ्या पानावर शांतवनने केवळ शोभेसाठी एक वाक्य घातले होते: 'देव स्वर्गात बसून राहिला नाही, तो आपल्यांत येऊन जेवला.' ते त्याने वाचले आणि तो अडला. तराजूचा काटा पुन्हा पाहावा तसे त्याने ते वाक्य पुन्हा वाचले.

"हे खरे असेल," तो म्हणाला, "तर माझा ठराव चुकला आहे."

त्याने निबंध घडी करून ठेवला आणि वही काढली. नावे घेतली नाहीत. फक्त साल, वेळ आणि दुखणे. ताप. दाढ. पाहुणे. पुन्हा ताप. पाच-सहा ओळी होताच देवळातले बरेच लोक आढ्याकडे पाहू लागले. शेवटची ओळ त्याने बोट ठेवून वाचली.

"एक जण, बारा वर्षे. आशीर्वाद देऊन घरी जेवायला गेले."

साहेबांना मराठी उत्तम येत होते.  ते उठून म्हणाले, "उद्या पंगत होईल. कोणाची हरकत आहे काय?"

हरकत घेणे म्हणजे यादीत आपले नाव आपणच घालणे. हिंदुरावांनी अनुमोदन दिले. पुन्हा एकमत झाले, आणि या वेळी सात मिनिटेही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पटांगणात गव्हाच्या हुग्गीचा वास सुटला. साहेब पाटलोणीसकट मांडी घालू पाहत होते. एक गुडघा खाली जाई तेव्हा दुसरा हनुवटीला लागे. त्यांच्या शेजारी हिंदुराव, ताप नसताना घामाघूम. त्यांच्या पलीकडे धुवट लुगडे नेसलेली केराबाई.

शांतवन बादली घेऊन वाढत आला, तशी साहेबांनी मान वर केली.

"शांतवनराव, ती जागा आम्ही कुर्डुवाडीच्या गृहस्थांना देत आहो. तुम्ही फार अचूक आहा." मग पत्रावळीकडे पाहत जरा चाचरत म्हणाले, "हे गोड मात्र आणखी थोडे वाढा."

"बरं, साहेब," शांतवन म्हणाला आणि त्याने पळी भरून वाढली.

हिंदुरावांनी पानावर आडवा हात धरला. पोट भरले, आता नको, असे ते पुटपुटत होते. पान अजून जसेच्या तसे होते.

"वाढ रं त्यास्नी," केराबाई म्हणाली. "लई वर्सांची भूक हाय."