कनकलतेचं पद

श्रीकरच्या घरी सणाच्या दिवशी पानावर बसलं की लगेच घास उचलायची सोय नव्हती. देवापुढे नैवेद्याचं ताट, समोर केळीच्या पानांची रांग, पानांवर सगळं वाढून झालेलं, आणि मग एक पद व्हायचं. पद संपेपर्यंत हात मांडीवर. त्याचे शब्द इतके जुने होते की घरात कुणालाच ते धड कळत नसत. देवाला जेवायला बोलावलंय एवढं कळायचं आणि तेवढं पुरायचं. हे पद घरच्या सुनेनं म्हणायचं, अशी तंजावरच्या या मराठी कुटुंबाची रीत होती. जिनं रांधलं, तिनंच बोलवायचं.

आता सून होती वासुकी. रांधायची वासुकीच. पण पद म्हणायची कनकलता, आणि कनकलता जाऊन बरीच वर्षं झाली होती.

कनकलता ही श्रीकरची पहिली बायको. शेवटच्या आजारपणात तिनं ते पद श्रीकरच्या फोनवर म्हणून ठेवलं. तो फोन पुढे जुना झाला, त्यावर कुणी कॉल करीनासं झालं, पण चार्जरसकट तो देवघराच्या खणात जपलेला असे आणि सणाला बाहेर येई. गणेश चतुर्थी, महालक्ष्मी, दिवाळी, संक्रांत, रामनवमी. पहाटे उठून पुरण वाटायचं वासुकीनं. रसवांगीला कोवळी वांगी हवीत म्हणून भाजीवाल्याशी तमिळमध्ये भांडायचं वासुकीनं. आणि ऐन वेळी देवाला हाक मारायची त्या गेलेल्या बाईनं. याचा राग कसला, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा घरभर माणसांच्या पुरणपोळ्या लाटून पाहाव्यात.

तिला कनकलतेच्या फोटोचा राग नव्हता. दागिन्यांचा नव्हता, साड्यांचा तर मुळीच नव्हता. तिला एवढंच हवं होतं की आपल्या हातचं जेवण एकदा तरी आपल्या आवाजात देवापुढे जावं. लग्नाआधी ती माहेरी गात असे. शिकलेली नव्हती, पण गळा होता.

एका चतुर्थीच्या आधी तिनं धीर करून विचारलंही होतं. श्रीकर पाटबंधारे खात्यात अधिकारी. कालव्याचं पाणी कुठं किती सोडायचं हे त्याला बरोबर कळे, घरातलं काही कळत नसे.

"या वेळी पद मी म्हणू का?"

"कशाला?" तो म्हणाला. "आहे ना ते."

सासूबाई, अलमेलुबाई, सोफ्यावर बसून फुलं गुंफत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. "देवास त्या आवाजाची सवय आहे," त्या म्हणाल्या. "नवं कशास? तुज हात आहे, वासुकी. गळा नाही."

त्यांनी वासुकीचा गळा कधी ऐकलाच नव्हता. पण अलमेलुबाईंचं मत बनायला पुरावा लागत नसे.

हरिता तेव्हा नववीत होती. कनकलतेची मुलगी. आई गेली तेव्हा ती पाच वर्षांची होती. वासुकीला ती चित्ती, म्हणजे धाकटी आई, म्हणायची, रागावायची नाही, बिलगायचीही नाही. जेवायची मात्र निमूट, आणि आवडलं की बोटं चाटायची. तेवढ्यावर वासुकी आठवडाभर खूश असायची, इतकी भोळी होती ती.

नाही म्हटल्यावर दुसऱ्या एखादीनं नाद सोडला असता. वासुकीनं धरला. घरात कुणी नसलं की ती खणातला फोन काढायची, ओट्यावर ठेवायची आणि नारळ खवता खवता कनकलतेबरोबर म्हणायची. कुठं सूर लांबवलाय, कुठं हळूच खाली आणलाय, सगळं तिनं उचललं. एक दिवस वाटलं, हा गोडवा त्या बाईचा की फोनचा? बघूया तरी. म्हणून तिनं त्याच फोनवर आपला आवाज भरून घेतला.

आणि ऐकून ती स्वतःच चकित झाली. दोन्ही सारखे होते.

त्या चतुर्थीच्या सकाळी, मोदकाचं सारण चुलीवर असताना, तिला आठवलं की आपलं रेकॉर्डिंग अजून फोनवरच आहे. सासूबाईंच्या हाती लागलं तर वर्षभर टोमणे. तिनं घाईघाईनं पहिलं लावलं, दोन ओळी ऐकल्या. आवाज थोडा दमलेला वाटला. हे माझं, असं मनाशी म्हणत तिनं ते पुसून टाकलं. मग उरलेलं लावलं. ते संपता संपता रेकॉर्डिंगमध्ये मागे आपल्याच कुकरची शिट्टी ऐकू आली, आणि आपण कनकलतेचं पुसलंय हे तिला कळलं.

तिनं श्रीकरला सांगायला हवं होतं, हे मान्य. पण बाहेर पानं मांडली जात होती, आणि या घरात सांगून कुणाचं कधी भलं झालं होतं? तिनं शिट्टीचा तुकडा तेवढा कापला आणि फोन देवापुढे नेऊन ठेवला. पद वाजलं. श्रीकरनं डोळे मिटले. हरितानं खाली बघत नाक ओढलं. पद संपल्यावर अलमेलुबाई म्हणाल्या, "ऐकलंस, वासुकी? यास म्हणतात गाणं."

वासुकी वाढत राहिली. मनात भीती होती, आणि भीतीच्या खाली, खोटं कशाला बोला, आनंद होता. देवाला आज तिनं स्वतः बोलावलं होतं. कुणाला ठाऊक नसलं म्हणून काय झालं?

पुढे हरिताला स्वतःचा फोन मिळाला. पहिलं काम तिनं काय केलं, तर ते पद आपल्या फोनवर घेतलं. परीक्षेला निघताना ती ते कानात घालून ऐकायची. अकरावीत टायफॉइड झाला तेव्हा दुपारदुपार डोळे मिटून तेच ऐकत पडून राहायची, आणि वासुकी शेजारी बसून तिला मऊ सारभात भरवायची. पोरीच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि तशीच तिला झोप लागायची. वासुकी तिच्याकडे बघत बसे. आपल्या आवाजानं ती निजतेय, हे तिला एकटीलाच माहीत होतं. आपल्या इतकं जवळ याआधी कधी कुणी आलं नव्हतं, असं तिला वाटायचं. तिथंच ती थांबली असती तर बरं झालं असतं.

यंदाच्या महालक्ष्मीला तिरुवैयारुहून वसुमती आली. श्रीकरची चुलत बहीण, गाणं शिकवणारी, आणि शिकवणारी असल्याचं कुणाला विसरू न देणारी. पानं वाढून झाली. रसवांगी, डांगर पचडी, वडे, पुरणपोळी, खीर. वासुकी पहाटेपासून उभी होती. पायांत गोळे आले होते. पद लागलं, सगळे हात मांडीवर ठेवून बसले, पद संपलं.

"वा," वसुमती म्हणाली. "ती शेवटची ओळ ऐकलीस, श्रीकर? केवढी लांब आहे. आणि एका दमात. आजारी असून एका दमात. माझ्या मुलींना सांगते, वर्षानुवर्षं बसा, मग असा दम येतो. कनकलता म्हणजे कनकलता."

"होय की," श्रीकर म्हणाला.

वसुमतीनं पुरणपोळीचा तुकडा तुपात बुडवला. "वासुकी, तू काही गातीस का गे?"

उत्तर अलमेलुबाईंनी दिलं. "ती कुठली गाती? तिज हात आहे, गळा नाही."

वसुमती हसली. श्रीकरही हसला, उगाच, बहिणीला सोबत म्हणून. वासुकी तुपाचं भांडं घेऊन त्याच्या पानासमोर वाकली होती. ती तशीच वाकलेली राहिली. मग सरळ झाली.

"तो माझा आवाज आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आता वाजला तो. माझा आहे."

"काहीतरी बोलू नकोस," श्रीकर म्हणाला. "तूप वाढ."

वासुकीनं तूप वाढलं नाही. तिथंच, दोन पानांच्या मध्ये उभी राहून, हातात भांडं धरून तिनं पद म्हणायला सुरुवात केली. पहिल्या ओळीला वसुमतीचा हात तोंडाशी थांबला. दुसऱ्या ओळीला तिनं देवापुढच्या फोनकडे पाहिलं, तो बंद होता. वासुकीनं पद पूर्ण म्हटलं, शेवटची लांब ओळसुद्धा, एका दमात. इतक्या वर्षांत इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं. तिला वाटलं, झालं. आता कुणीतरी काहीतरी म्हणेल.

बोलली ती हरिता. "केव्हापासून?"

"काय, कण्णा?" वासुकीनं लाडाच्या हाकेनं विचारलं.

"तुझा आवाज केव्हापासून आहे तिथं?"

तेव्हा कुठं वासुकीला समजलं की आपण काय केलंय. तिला बोलणं फिरवता आलं असतं, पण गाऊन झालेलं फिरवता येत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. चतुर्थीची सकाळ, दोन रेकॉर्डिंगं, चुकून पुसलं गेलेलं. "मुद्दाम नाही केलं," ती म्हणाली. "देवीशपथ, मुद्दाम नाही."

"म्हणजे माझ्या फोनवरचं?" हरितानं विचारलं. "टायफॉइडमध्ये ऐकत होते ते?"

वासुकीनं होय म्हणून मान डोलावली.

"तू शेजारीच बसली होतीस," हरिता म्हणाली.

श्रीकर आता कुठं भानावर आला. "अम्मा, तुम्ही ऐकलंत हे? हिनं कनकलतेचं..."

"मज ठाऊक होतं," अलमेलुबाई म्हणाल्या.

त्या शांतपणे रसवांगीतलं वांगं कुस्करत होत्या. "पहिल्या दिवशीच कळलं. कनकलतेस शेवटच्या ओळीत मध्येच श्वास घ्यावा लागे. छातीत दम उरला नव्हता तिच्या. फोनवर भरताना मी शेजारी बसून होते, तिची पाठ चोळत. आणि त्या दिवशी ओळ एका दमात आली. म्हटलं, ही वासुकी."

"मग बोलला नाहीत का, अत्ते?" वासुकी म्हणाली. "इतके दिवस गळा नाही, गळा नाही म्हणत होतात."

"म्हणत होते. तसं म्हटलं नसतं तर कुणी तरी पद नीट ऐकून आवाज ओळखला असता." अलमेलुबाईंनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "ही पोर ते ऐकून झोपत होती. तिज आई मिळत होती. आवाज तुझा की कनकलतेचा, मज काय करायचं होतं? तू पोर मिळवलीस आणि मी ते झाकलं. चाललं होतं. पण तुज नाव पाहिजे होतं. घे आता."

वसुमतीनं पाणी प्यायला घेतलं आणि ते तसंच खाली ठेवलं.

हरितानं डोळे मिटले होते. सगळ्यांना वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. काहीतरी शोधत असल्यासारखी ती कपाळाला आठी घालून बसली होती. मग तिनं डोळे उघडले.

"चित्ती," ती म्हणाली, "माझ्या अम्माचा आवाज आठवून पाहिला. येत नाही. तुझाच येतोय."

"कण्णा, अगं मी..."

हरितानं पानाशेजारचा आपला फोन डाव्या हातानं उचलला आणि तिच्यापुढे धरला. "हे डिलीट कर."

"मी?"

"तूच कर. तुज सवय आहे."

वासुकीनं श्रीकरकडे पाहिलं. तो पानावरच्या भाताचा ढीग बोटानं नीट करत होता. सासूबाईंनी तोंड देवीकडे वळवलं होतं. वासुकीनं तुपाचं भांडं खाली ठेवलं. बोटं तुपानं माखलेली होती, काचेवर ती लागेनात. तिनं पदराला हात पुसला आणि पुन्हा दाबलं. फोननं विचारलं, खरंच काढायचं का. तिनं होय म्हटलं.

"तेही," हरितानं देवापुढच्या जुन्या फोनकडे हनुवटीनं दाखवलं.

वासुकी देवीपुढे गुडघ्यावर बसली. कुंकवाच्या करंड्याआड ठेवलेला फोन घेऊन तिनं तेही काढून टाकलं. उठताना गुडघा दुखला. तिच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला, तो कुणी ऐकला नाही.

"आता भात आण," अलमेलुबाई म्हणाल्या. "साराचा भात राहिलाय. वसुमतीस चारची बस आहे."

वासुकी आत गेली, भाताचं पातेलं घेऊन आली आणि ओळीनं वाढायला लागली. हरिता पोटभर जेवली. तिनं खीर दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि मागताना चित्ती म्हणाली नाही, नुसती वाटी पुढे केली.

दिवाळीला वासुकीनं पुन्हा सगळं रांधलं. पानं वाढून झाली तेव्हा ती देवघराच्या दाराशी थोडी थांबली. श्रीकरनं नैवेद्याभोवती पाणी फिरवलं, अलमेलुबाईंनी हात जोडले. वासुकी, गा, असं कुणीच म्हटलं नाही, आणि सगळे जेवायला लागले.