वाघबारशीचं मागणं

वाघाने जिवा शेतकऱ्याचा बैल मारला, तेव्हा संतापून त्याने त्या मेल्या बैलावर विष चोळून ठेवलं. वाघ मेला. वाघाची शिकार फक्त राजाने करायची; जव्हारच्या दरबाराला कळेल या धास्तीने जिवाने तो गुपचूप पुरला.

पुढच्या दोन पावसाळ्यांत रानडुकरांचा नुसता सुळसुळाट झाला. त्यांना खाणार कोण? यंदा तर त्यांनी गावाचं नागलीचं सगळं पीक उकरून फस्त केलं.

वाघबारशीला, वाघदेवाच्या सणाला, उपाशी गाव त्याच्या लाकडी मूर्तीपुढे जमला. म्हातारा सखा म्हणाला, "जिवा, देव तुझं ऐकतो. तुझ्या गोठ्याकडे वाघ पुन्हा फिरकला नाही. आता तूच माग, वाघ परत धाड म्हणावं."

जिवाने नारळ उचलला आणि स्वतःच पुरलेल्या वाघाला साऱ्या गावादेखत हाका मारू लागला.