दोन दरवाज्यांची एक डिस्क

लोखंडी पेटीत बंद असलेली मी एक डिस्क बोलते आहे. स्वतःची हकिकत सांगताना माझाच गोंधळ उडतो. म्हणून क्रमाने सांगण्याचा प्रयत्न करते.

१९९८च्या कापूस हंगामात मला आदिलाबादच्या एका खरेदी केंद्रात बसवले. तेथे यंत्र, म्हणजे संगणक, एकच होते. पण त्याच्या पोटात दोन यंत्रे असल्यासारखी व्यवस्था केली होती. एक पूर्व दरवाज्यावर गाड्यांची नोंद करणाऱ्या उत्तमरावांसाठी, दुसरे पश्चिम दरवाज्यावरच्या केशवरावांसाठी. दोघांनाही आपले यंत्र स्वतंत्र वाटे. साठवण मात्र सामाईक, म्हणजे मी. तारेच्या टोकाला बसून मी दोघांचेही ऐकत असे. माझा मालक नेमका कोण, हे मला कुणी सांगितले नव्हते.

बैलगाड्यांच्या क्रमांकांची यादी माझ्याकडे होती. एकाने ती उघडली की दुसऱ्याला तीत लिहिता येत नसे. तामसीहून बसने येणारे उत्तमराव, खिडकीतून दस्ती, म्हणजे हातरुमाल, टाकून जागा धरावी तशी, यादी उघडी ठेवून चहाला जात.

"हे काय बस हाय, दस्ती टाकून जायले?" केशवराव टोमणा मारत.

अखेर केशवरावांनी यादीची नक्कल काढली आणि गावांची नावे त्या नकलेतच दुरुस्त केली.

त्याच दुपारी बेला गावच्या राहीबाई आल्या. उत्तमरावांनी त्यांना एकेचाळीस हा क्रमांक तोंडी सांगितला, नोंद केली, यादी मिटली आणि ते जेवायला गेले. लगेच केशवरावांनी आपली चाळीस नावांची नक्कल मूळ यादीवर ठेवली. मी ती ठेवू दिली, आणि राहीबाईंची नोंद तिच्याखाली पुसली गेली. आज्ञा नियमानुसार होती. परिणाम योग्य होता का, हे मला कळले नाही. जेवणाच्या वेळी दोन्ही दरवाजे केशवरावच पाहत. राहीबाईंच्या मागे उभ्या असलेल्या तलमडुगूच्या महिपतांना त्यांनी पुन्हा एकेचाळीसच दिला.

त्या दिवसाचा तो शेवटचा क्रमांक होता. दुसऱ्या दिवशी केंद्र बंद राहणार होते, आणि राहीबाईंनी बैल शेजाऱ्याकडून एका दिवसापुरतेच आणले होते.

"बाई, मशीनमंदी तुमचं नाव नाही," केशवराव म्हणाले.

"मशीन रांगेत उभी होती काय? माह्या मांगं महिपत होता. त्याले इचारा."

महिपतांचा आवाज आला, तो हळूच. "एकेचाळीस राहीमायचाच हाय. मी तिच्या मांगून आलो."

थोड्या वेळाने एक भरलेली गाडी तलमडुगूच्या वाटेने परत गेल्याचे ऐकू आले.

आता मी मोडक्या वजनकाट्याशेजारी अडगळीत आहे. मला पुन्हा कुठे जोडलेच, तर माझ्याआधी रांगेतल्या माणसांना विचारा, एवढीच विनंती. राहीबाईंची पुसलेली नोंद बहुधा अजून माझ्यात आहे, महिपतांचीही आहे. दोन्हींपुढे एकेचाळीस लिहिले आहे. त्यातला खरा कोणता, हे मला आजही ठरवता येत नाही. महिपतांना ते ठरवता आले.