जाळी कोळवणला निघाली

उरवड्याच्या जाळीच्या कारखान्यात ऑर्डरींचं टेबल नंदाकडे होतं. ग्राहकाचा फोन आला की ती माल, माप, तारीख सॉफ्टवेअरमध्ये भरी, ऑर्डर पक्की करी आणि गोदामातला तेवढा माल त्या नावावर राखून ठेवी. एकदा राखीव पडलेला माल दुसऱ्याला जायचा नाही, हा तिचा नेम.

डिसेंबरात सिद्धू मेंढपाळाची ऑर्डर तयार झाली. भातं निघाली की कोळवणच्या खाचरांत त्याचा कळप खतासाठी बसे. रात्री मेंढरांभोवती लावायची वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, फाटून गेली होती आणि बिबट्या दोनदा आत शिरला होता. म्हणून वस्तीनं मिळून जाड दोराची नवी जाळी मागवली होती. दुपारी टेंपो निघायचा होता.

त्याच सकाळी सेल्स मॅनेजर शैलेश तिच्या टेबलाशी आला. "नंदा, ती मेंढपाळांची ऑर्डर रद्द कर. बावधनला शनिवारी बॉक्स क्रिकेटचं टर्फ उघडतंय. त्यांना हीच जाळी हवीय, आजच."

"रद्द? कारण काय टाकू, सर?"

"ग्राहकाने रद्द केली, असं टाक. यादीत पहिलंच कारण आहे ते."

"पण त्यांनी न्हाई केली." एरवी ऑफिसात ती जपून बोलायची, पण राग आला की घरची बोली वर यायची.

"त्यांना पुढच्या महिन्यात देऊ. त्यांना काय कळतंय सॉफ्टवेअरमधलं?"

"त्यांना कळत नसंल. मला कळतंय ना."

शैलेशनं आवाज खाली आणला. "तुझ्यातले आहेत, म्हणून एवढा कळवळा?"

नंदाचे आजोबा मेंढरं राखत. हे तिनं कधी लपवलं नव्हतं. तरी तिची कानशिलं तापली. "व्हय, माझ्यातले हायेत. टर्फवाला माझ्यातला न्हाई, म्हणून त्याची एक तरी ऑर्डर मी मागं ठेवली का?"

शेजारच्या टेबलावरची अपूर्वा टाइप करायची थांबली.

"ऊठ. मीच करतो," शैलेश म्हणाला.

उठायच्या आधी नंदानं आपलं लॉगिन बंद केलं. "करा की. पण तुमच्या नावानं करा."

त्यानं स्वतःच्या नावानं ऑर्डर उघडली. रद्द करणाऱ्याचं नाव तिथं कायमचं राहतं, हे त्याला माहीत होतं. बटणावर त्याचं बोट रेंगाळलं. तेवढ्यात नंदानं ऑफिसचा फोन उचलून सिद्धूला लावला होता.

"सिद्धूमामा, कारखान्यातनं नंदा बोलतीया. आमच्या सायबांना तुमच्याशी बोलायचंय." तिनं फोन शैलेशपुढे धरला. "सांगा त्यांना, त्यांनीच ऑर्डर रद्द केलीय म्हणून."

"रामराम सायेब!" फोनमधून खणखणीत आवाज आला. "जाळी निघाली का? काल बी त्यो बांधावर यिऊन बसला हुता. बायामाणसं शेकोटी करून जागत्यात बगा."

शैलेशचा चेहरा उतरला. "बघतो," एवढंच म्हणून त्यानं फोन आपटला. मग बोट रोखून ओरडला, "आत्ताच्या आत्ता घरी जा. आणि तो माल निघणार नाही!" मालकांना फोन लावायला तो तरातरा केबिनमध्ये गेला.

नंदा घरी गेली नाही. ऑर्डर अजून पक्कीच होती, डिलिव्हरीची पावती सकाळीच निघाली होती. ती घेऊन ती थेट गोदामात गेली. टेंपोवाला वाल्मीक वाटच पाहत होता. हमालांनी गठ्ठे चढवले आणि शैलेश धावत आला.

"उतरवा ते!"

नंदा टेंपोत चढली आणि गठ्ठ्यावर मांडी घालून बसली. "ऑर्डर पक्की हाय, पावती खरी हाय. माल उतरवायचा तर आदी मला उतरवा."

हमाल हाताची घडी घालून उभे राहिले. एकही पुढं झाला नाही. वाल्मीकनं तिच्याकडे पाहिलं, शैलेशकडे पाहिलं आणि गाडीला चावी मारली. वॉचमननं पावती वाचून फाटक उघडलं.

पौड मागे पडलं. नोकरी गेली, हे तेव्हा कुठं नंदाच्या मनात शिरलं. पण टेंपो थांबव असं काही ती म्हणाली नाही.

खाचरांत पोचल्यावर सगळी वस्ती जाळीला भिडली. दिवस मावळायच्या आत वाघूर उभी राहिली. सिद्धूची बायको सुंदरा हिनं पाय रोवून दोर ओढून पाहिला. "आता यिऊ दे मेल्याला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शैलेशनं टाइप केलेला राजीनामा नंदापुढे सरकवला. "सही कर."

"मी चुकले असं वाटत असंल तर काढून टाका. पण कारण लिहून द्या, खरं कारण. राजीनामा मी देनार न्हाई."

खरं कारण लिहिणं शैलेशला परवडणारं नव्हतं. मालकांनीही कानावर हात ठेवले. मग तिचं लॉगिन बंद झालं, टेबल अपूर्वाला मिळालं आणि नंदाची रवानगी पॅकिंगला झाली. टर्फवाल्याची जाळी पुढच्या आठवड्यात विणून झाली, तेव्हा तिचे गठ्ठे नंदानंच बांधले, चांगले आवळून. क्रिकेट खेळणाऱ्यांशी तिचं काही भांडण नव्हतं.

मात्र दर सोमवारी, अंगावरचे दोऱ्यांचे तुकडे न झटकताच, ती केबिनच्या दारात उभी राहते आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारते, "माझं टेबल कधी देताय, सर?"

"बघू," मान वर न करता शैलेश म्हणतो.

"बघा. पुढच्या सोमवारी येतीच मी."