मोराच्या तोंडावरचा फलक

मी एक जुना पत्र्याचा फलक आहे, आणि खरे सांगायचे तर मला तोंड दाखवायची लाज वाटते. फलकाचे कामच तोंड दाखवण्याचे, त्यामुळे माझी मोठी पंचाईत झाली आहे.

मित्रांनो, नागपुरातल्या एका रंगाऱ्याने मला निळा रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत लिहिले, 'ही वास्तू आपला ठेवा आहे. भिंतीला इजा करू नये.' मान तिरकी करून त्याने मला पाहिले आणि म्हणाला, "झकास!" मी तेव्हाच हुरळून गेलो. मग टेम्पोत बसून या तलावाकाठच्या पडक्या राजवाड्यात आलो. छप्पर केव्हाच गेलेले, एक भिंत पाण्यात उतरलेली. पण दरवाजाशेजारी चुन्यात घडवलेला एक मोर तेवढा शाबूत होता.

पाहणीला आलेल्या साहेबांनी नेमके तिथेच बोट ठेवले. "इथंच लावा. येणाऱ्याची नजर इथंच जाते." नजर मोरासाठी जात होती, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. पहारेकरी गिरिधरने एकदा साहेबांकडे पाहिले, एकदा मोराकडे, आणि चार खिळे ठोकले. चुन्याची भुकटी माझ्या पाठीवर सांडली. मी मात्र मनात खूश होतो. सगळ्यांत चांगली जागा मला मिळाली होती ना!

पुढे कितीतरी वर्षे लोक मला वाचत, माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. एका गुरुजींनी तर मुलांकडून मला मोठ्याने वाचून घेतले. मी फुशारलो. इकडे खिळ्यांच्या भोकांतून दर पावसाळ्यात पाणी मुरत होते आणि मोराची मान भिंतीपासून सुटत चालली होती. माझ्या पाठीला ते कळत होते. अंगावर एवढी अक्षरे असून मला ते कोणाला सांगता आले नाही.

गेल्या हिवाळ्यात नागपूरच्या नंदनवन वस्तीतली नूपुर शाळेच्या सहलीला आली. प्रत्येकाने एक चित्र काढायचे होते. माझ्याखालून बाहेर आलेला पिसारा तिने काढला आणि तिची पेन्सिल थांबली.

"काका, या मोराचं तोंड कुठं आहे?"

"फलकामागं आहे," गिरिधर म्हणाला.

"मग त्याले झाकलं काहून? अन् हे खिळे कोणी ठोकले? यावर तर लिहिलं आहे, भिंतीले इजा करू नये!"

गिरिधरची मान खाली गेली. "मीच ठोकले वं. साहेबानं म्हटलं अन् मी ठोकले. माह्या हाताले तवाच समजलं होतं."

त्याने तिथूनच फोन लावला. "साहेब, मोराची मान सुटून राहिली. मी फलक काढून राहिलो." पलीकडचे बोलणे त्याने ऐकून घेतले, फोन खिशात टाकला आणि पकड घेऊन स्टुलावर चढला. नूपुरने खाली ओंजळ धरली. तीन खिळे हळूच निघाले. चौथ्याबरोबर मोराची चोच सुटली आणि तिच्या ओंजळीत पडली.

मान वाचली. चोच गिरिधरने रुमालात बांधून ठेवली आहे, चुन्याचे काम जाणणारा कारागीर येईल तेव्हासाठी.

मी आता दरवाजापासून दूर, जमिनीत रोवलेल्या खांबावर उभा आहे. मित्रांनो, इथे आलात तर मला जरूर वाचा, पण मग त्या मोराजवळही जा. त्याच्या अंगावरची चार भोके बघा. लोक म्हणतात, पोरांनीच पाडली असतील. कोणा पोराला बोल लावू नका. ती भोके माझी आहेत.