मोठ्या सरांची तोंडी परीक्षा

मोठे सर माझ्या वर्गात विद्यार्थी म्हणून येऊन बसले, तेव्हा मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. खोटं कशाला बोलू?

बावीस वर्षांपूर्वी याच धर्मशास्त्र महाविद्यालयात त्यांनी माझा प्रबंध फेटाळला होता. अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी बायबल कसं वाचलं आणि धुणीभांडी करणारी माझी आई ते कसं वाचते, हा विषय. "ही रडगाणी झाली, धर्मशास्त्र नव्हे," म्हणाले. मग मी मुकाट्याने जर्मन पंडितांवर नवा प्रबंध लिहिला; त्यात वर्ष गेलं. पदवी हातात पडली तेव्हा आईला जाऊन चार महिने झाले होते. ते चार महिने मी सरांना कधीच माफ केले नाहीत.

आता नियम बदलला होता. साठीनंतर नोकरी वाढवून हवी असेल, तर काळ्यांच्या आणि आशिया-आफ्रिकेतल्या धर्मचिंतनाचा पेपर पास व्हायचा. शिकवणारी मी, तपासणारीही मीच. देव आहे, याची मला नव्याने खात्री पटली.

तिसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगितलेलं एकही पुस्तक धर्मशास्त्राच्या कपाटात नाही."

कसं असेल? ग्रंथालय समितीवर असताना त्यांनीच ती सगळी पुस्तकं 'इतर' असा शिक्का मारून जिन्याखाली, फिनेलच्या डब्यांशेजारी धाडली होती. आता साफ विसरले होते.

"शोधा की, सर. सापडतील," मी गोड आवाजात म्हटलं, आणि वर्गाला तंबी दिली की कुणी तोंड उघडायचं नाही. म्हातारा गुडघे धरून तीन मजले चढत-उतरत राहिला. मला जेवण गोड लागायला लागलं.

तोंडी परीक्षेला ते माझ्या खोलीत आले. पुस्तकं अखेर सापडली होती. त्यांच्या टिपणांच्या कागदांनाही फिनेलचा वास येत होता.

मी विचारलं, "दुःख भोगणारा माणूस देवाबद्दल बोलतो, त्याला धर्मशास्त्र का म्हणायचं?"

"ज्याच्या पाठीवर वळ आहेत, त्याला क्रूस समजावून सांगावा लागत नाही, मॅडम. त्यानेच तो आपल्याला समजवायचा असतो. मी पस्तीस वर्षं उलटं शिकवलं."

इतकं चोख उत्तर ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हेच म्हणणाऱ्या एका मुलीचा प्रबंध तुम्ही फेटाळला होतात. आठवतंय?"

त्यांनी डोळे मिटून मनापासून आठवून पाहिलं. "नाही हो. बरेच फेटाळलेत. कोण होती?"

बावीस वर्षं मी या माणसाशी मनातल्या मनात भांडत होते, आणि त्याच्या मनात मी एक दिवसही नव्हते. कोण होती ते मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी माफी मागितली असती, आणि मला ती द्यावी लागली असती. मी त्यांच्यासमोरच 'नापास' लिहिलं.

"पुढच्या वर्षी परत बसा," मी म्हटलं.

"पुढच्या वर्षी मी घरी असेन, मॅडम." कागद गोळा करून ते हळूहळू निघून गेले. मला जिंकल्यासारखं वाटलं. खरंच वाटलं.

सोमवारी नव्या सत्राच्या वर्गात गेले, तर सर नवी कोरी वही घेऊन बसलेले.

"सर, तुमचा निकाल लागलाय. आता यायची गरज नाही."

"माहीत आहे, मॅडम. पण तुम्ही नापास केलंत, म्हणजे माझं काहीतरी चुकलंच असणार. काय चुकलं ते शिकायला आलोय."

मी खडू उचलला. त्यांनी वहीवर तारीख घातली आणि माझ्या बोलण्याची वाट बघत राहिले.