‘चेक’ची नऊ कार्डं

आमच्या कोशात एक नियम आहे आणि तो मोडला मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी मास्तरांवर आग पाखडायला लागले की कुणी मला अगदीच सोवळी समजायला नको.

आमचा कोश परक्या शब्दांचा आहे. इंग्रजीतून आपल्या बोलण्यात शिरून घरच्यासारखे पाय पसरून बसलेले शब्द आम्ही धरतो आणि त्यांची चौकशी करतो. निघाला कुठून, वाटेत कोणकोणते अर्थ उचलले, आपल्याकडे पहिल्यांदा कुणी लिहिला. प्रत्येक अर्थाला जुन्या छापील पुस्तकातलं वाक्य लागतं. ते कार्डावर उतरवायचं आणि खाली पुस्तकाचं नाव, साल, पान लिहायचं. नियम असा की ज्याने कार्ड लिहिलं त्याने ते पडताळायचं नाही. दुसऱ्या कुणीतरी जाऊन पुस्तक उघडायचं, ओळ स्वतःच्या डोळ्यांनी बघायची आणि मगच कार्डाच्या कोपऱ्यात लाल खूण करायची.

मास्तर म्हणजे माझा नवरा. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, त्यामुळे सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते आणि गल्लीबरोबर मीही. निवृत्त झाल्यावर ते घरातल्या बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला लागले. साखरेच्या बरणीवर ‘साखर’. तेव्हा मीच त्यांना कोशाच्या कामाला जुंपलं. आठ वर्षं झाली, मंगळवारी आणि शुक्रवारी डबा घेऊन ते ग्रंथालयात जायचे आणि संध्याकाळी माझ्यासमोर कार्डं ठेवायचे. ती पडताळायला कार्यालयात कुणी मोकळं नसायचं. मला वाटायचं, घरचा माणूस आहे, हातच्या काकणाला आरसा कशाला? पुस्तक न उघडता मी लाल खुणा करत गेले. सहाशे बारा कार्डांवर.

त्यातली नऊ ‘चेक’ची.

‘चेक’ माझा लाडका शब्द. माणसांना वाटतं, बँकेतला कागद, संपलं. अहो, तो मूळचा राजा आहे! फारसीतला ‘शाह’. बुद्धिबळात समोरच्याचा राजा अडचणीत आला की ‘शाह’ म्हणून ओरडायचं. ती आरोळी अरबांकडून युरोपात गेली, फ्रेंचांच्या तोंडी बदलली आणि इंग्रजांकडे ‘चेक’ होऊन पोचली. तिथे आधी डावातली अडवणूक, मग कुठलीही अडवणूक, मग लगाम, मग कुणी फसवू नये म्हणून केलेली पडताळणी, आणि त्यातूनच बँकेतला कागद. पटावरचे चौकोन कापडावर गेले म्हणून शर्ट चेक्सचा. आणि आपला ‘शह’ त्याच राजाचा दुसरा मुलगा, फक्त तो जवळच्या रस्त्याने आला. ‘मात’सुद्धा त्याच घरातली. हे सगळं मी कुणालाही, कधीही, न विचारता सांगते. आमच्याकडे पाहुणे कमी येतात त्याचं हेही एक कारण असावं.

भांडण होतं ते शब्द आपल्याकडे आला कसा यावर. सगळे म्हणतात, आधी कागद आला आणि पडताळणीचा अर्थ मागाहून. मी म्हणत होते, नाही. आधी दारावर आला असणार. गोदामाच्या नाही तर बंदराच्या दारावर, सामान अडवून बघणाऱ्या पहारेकऱ्याच्या तोंडी. आमच्या मुख्य संपादकांना आम्ही पाठीमागे अल्पविराम म्हणतो, कारण ते दर तीन शब्दांनी थांबतात. ते म्हणायचे, “बाई, तुमचं म्हणणं, गोड आहे, पण वाक्य, कुठे आहे?”

वाक्य नव्हतं. पंधरा वर्षं नव्हतं. मी रोज जेवताना मास्तरांपुढे हेच दळण दळायचे.

आणि मग तीन वर्षांपूर्वी एका शुक्रवारी मास्तरांनी कार्ड आणलं. कोठार सांभाळणाऱ्यांसाठी लिहिलेलं एक जुनं मार्गदर्शक, पान एकशे बारा. ‘द्वारपालाने प्रत्येक गाठोडे चेक करावे व मगच सोडावे, कारण विश्वास हा पहाऱ्याचा शत्रू होय.’ मी खुर्चीवरून उठून त्यांचे दोन्ही हात धरले. त्या दिवशी आमची भाजी करपली आणि दोघांनीही ती हसत खाल्ली. पुढे आणखी कार्डं येत गेली. अल्पविराम नमले. नोंद माझ्या म्हणण्याप्रमाणे लागली, खाली माझं नाव छापायचं ठरलं. शनिवारी पानं छापखान्यात जायची होती.

सोमवारी अल्पविराम म्हणाले, “त्या एकशे बारा पानाचं, छायाचित्र, टाकू या. वाचकांना, जुना छाप बघायला, आवडतो.”

मी मंगळवारी रजा टाकून ग्रंथालयात गेले. मास्तरांना सांगितलं नाही, वाटलं तिथेच गाठून चकित करावं. ग्रंथपालबाईंनी कपाटातून पुस्तक काढून दिलं. बारीक टाइप, पिवळी पानं, कडा खाल्लेल्या. मी उलटत गेले आणि पुस्तक संपलं. शेवटचं पान शहाण्णव.

आधी वाटलं, पानं फाटली असतील. पण शहाण्णवाव्या पानावर ‘समाप्त’ छापलेलं होतं, खाली वेलबुट्टीसकट.

“मास्तर कुठे बसलेत?” मी विचारलं.

ग्रंथपालबाईंनी चष्मा वर केला. “मास्तर? ते कुठे येतात आता? तीन वर्षं होत आली की. मी समजले, तब्येत बरी नसेल. विचारणं बरं दिसेना.”

त्या दिवशीही सकाळी मीच त्यांचा डबा भरला होता.

मी घरी येऊन बसले. साडेपाचला ते आले, डबा धुतला, हात पुसले आणि मटार सोलायला घेतले. खिडकीकडे तोंड करून, शेंगांकडे न बघता. बोटांनी शेंग शोधायची, बोटांनी दाणे मोजल्यासारखे काढायचे. हे मी किती दिवस बघत होते! मला वाटायचं, रमलेत बिचारे आपल्या विचारात.

“ग्रंथालयात होते मी आज,” मी म्हटलं.

बोटं थांबली.

“पुस्तक शहाण्णव पानांचं आहे, मास्तर.”

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाले, “बारीक अक्षर दिसत नाही गं मला. मधोमध डागच येतो. जिथे बघावं तिथे नेमका डाग.”

“कधीपासून?”

“तीन-साडेतीन वर्षं.”

“आणि तुम्ही दर मंगळवारी, दर शुक्रवारी...”

“तळ्याकाठी बसतो. तिथे बाकं आहेत. मनात वाक्यं जुळवतो आणि घरी येऊन भिंग लावून लिहितो. पुस्तकांची नावं तुझ्या यादीतली घेतली. पानं अंदाजाने.”

कार्डांवरचं त्यांचं अक्षर मोठं झालं होतं हे मी पाहिलं होतं. टापटीप आली म्हणून कौतुकसुद्धा केलं होतं. स्वतःच्या मूर्खपणाचा राग आला, पण तो त्यांच्यावरच्या रागापुढे काहीच नव्हता.

“डोळ्यांचं सांगायला काय झालं होतं? मी वाचून दाखवलं असतं! काम सोडलं असतंत तर कुणी फासावर दिलं असतं का?”

“तू किती खूश व्हायचीस,” ते म्हणाले. “एकदा केलं. मग तू पुढच्या शुक्रवारची वाट बघायला लागलीस.”

म्हणजे चूक माझीच! मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं इथे लिहिणार नाही. केसाने गळा कापलात म्हटलं. बाहेरच्याने फसवलं असतं तर चारचौघांत त्याचं नाव घेऊन बोंब मारता आली असती, इथे आपलेच दात आणि आपलेच ओठ. शेजारच्यांचा रेडिओ मध्येच बंद झाला. ऐकू दे म्हटलं.

राग ओसरला नाही, घसा बसला. मग मी नऊ कार्डं काढून टेबलावर ठेवली. “मी वाचते. तुम्ही फक्त सांगायचं, पुस्तकातलं की तुमचं.”

छापखान्याची मुद्रितं आम्ही कार्यालयात अशीच तपासतो. एकाने वाचायचं, दुसऱ्याने हो की नाही म्हणायचं. मी पहिलं कार्ड वाचलं. बँकेच्या कागदाचं होतं. “पुस्तकातलं,” ते म्हणाले. “तेव्हा दिसत होतं.” दुसरं, तेही पुस्तकातलं. तिसऱ्यापासून सुरू झालं. माझं. माझं. द्वारपालाचं वाचलं तेव्हा नुसतीच मान हलवली. माझं. माझं. एकाला म्हणाले, “आठवत नाही.”

“आठवत नाही म्हणजे?”

“खरंच आठवत नाही. जुळवलेलं वाक्य इतक्यांदा मनात म्हणतो मी, की नंतर ते वाचलेलंच वाटायला लागतं.”

नववं कार्ड हातात घेतलं आणि माझाच आवाज जड झाला. बाळंतिणीसाठी लिहिलेल्या एका पुस्तकातलं ते वाक्य. ‘मूल निजले असले तरी मातेने दिवा आड धरून एकवार चेक करावे, यात अविश्वास नाही, माया आहे.’ सगळ्या नोंदीत मला सर्वांत प्रिय तेच होतं. शह, अडवणूक, लगाम, संशय, असा सगळा कडू प्रवास करून आलेला शब्द आपल्याकडे येऊन एका आईच्या हाती पडतो, हे मी अल्पविरामांना सांगितलं तेव्हा तेही अल्पविराम विसरले होते. एवढं एक तरी खरं असू दे, असं मला वाटत होतं. वाचताना मी मध्येच थांबले, आणि पुन्हा वाचलं.

मास्तर माझ्या दिशेने बघत होते. डाग कुठे पडत असेल कोण जाणे.

“पुस्तकातलं,” ते म्हणाले.

“नक्की?”

“नक्की. अगदी नीट आठवतंय. तुझी शपथ.”

बुधवारी सकाळी दार उघडायच्या आधी मी ग्रंथालयाच्या पायरीवर उभी होते. पहिली दोन कार्डं ताडून पाहिली. दोन्ही वाक्यं होती, स्वल्पविरामासकट. मग बाळंतिणीचं पुस्तक. पान एकेचाळीस दुधाच्या बाटल्या कशा उकळाव्यात यावर होतं. मी पुढचं पान पाहिलं, मागचं पाहिलं, मग पहिल्या पानापासून सगळं पुस्तक वाचून काढलं. एकशे चाळीस पानं. दिवा होता, आई होती, निजलेली मुलं पुष्कळ होती. ‘चेक’ कुठेच नव्हता.

तिथून मी थेट कार्यालयात गेले. अल्पविरामांना सगळं सांगितलं, लाल खुणांसकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकही विराम न घेता म्हणाले, “किती कार्डं आहेत त्यांची एकूण?” मी आकडा सांगितला. सगळे खण उघडून सहाशे बारा कार्डं बाहेर काढावी लागली. त्यातली निम्मी खरी असतील, पण कोणती, ते ज्याने लिहिली त्यालाच सांगता येत नव्हतं. ‘चेक’ची नोंद परत कागदापासून सुरू झाली. खालचं माझं नाव मीच खोडलं. पंधरा वर्षांचं काम एका लाल रेघेत गेलं.

घरी आले तर मास्तर दारातच होते. “सापडलं ना?”

“नाही.”

“पान चुकलं असेल गं. भिंगाने एकेचाळीसचं सत्तेचाळीस दिसतं कधीकधी.”

“सगळं पुस्तक वाचलं मी.”

“मग दुसरं कुठलंतरी असेल. तसंच एक आहे, निळ्या पुठ्ठ्याचं. नीट बघ, मिळेल.”

किती मायेने बोलत होते! जणू मीच काहीतरी हरवलं होतं आणि ते मला धीर देत होते. आदल्या दिवशी मी ओरडले होते. त्या दिवशी ओरडता आलं नाही. खोटी कार्डं त्यांनी लाजेने लिहिली असतील, हे मी कसंबसं समजून घेतलं होतं. पण शपथ घेऊन, माझ्या तोंडावर, मला काय हवंय ते माझ्या आवाजावरून ओळखून त्यांनी दिलं होतं. असं त्यांनी आणखी किती वर्षं, कशाकशात केलं असेल? भाजी बरी झाली म्हणाले होते ते? माझ्या आईचं बोलणं मनाला लावून घेतलं नाही म्हणाले होते ते? कुठल्या पुस्तकात जाऊन बघू?

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला निघाले. त्यांना जिना नीट दिसत नव्हता, म्हणून कोपराला धरून एकेक पायरी उतरवत होते. दोन मजले उतरून खाली आल्यावर मी विचारलं, “कुलूप लावलंत?”

“लावलंय गं. ओढूनही पाहिलं.”

मी त्यांचा हात कठड्यावर ठेवला. “इथेच उभे राहा,” म्हटलं, आणि दोन जिने परत चढून गेले. कुलूप धरून ओढलं. लागलेलं होतं. खाली ते कुलपाचा आवाज ऐकत उभे असतील हे मला माहीत होतं. मी पुन्हा एकदा ओढलं.